जमिनीतली शेजारीण



मधमाशी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पोळे उभे राहते. आज आम्ही जिच्याविषयी बोलणार आहोत, ती माशी पोळे बांधीत नाही. पोटावर चकचकीत निळे पट्टे असलेली ही अमेजिला प्रजातीची माशी एकांडी आहे. तिच्यात ना राणी, ना कामकरी. प्रत्येक मादी उघड्या जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत स्वतःच बीळ खोदते, आतील कप्प्यांना ओल न शिरेल असा लेप देते, पराग व मकरंद भरते आणि एकेक अंडे घालून कप्पा बंद करते.

आता वांग्याचे फूल पाहा. त्याचे परागकोश उकलत नाहीत. टोकाला बारीक छिद्र तेवढे असते. ही माशी फुलाला घट्ट धरून अंग थरथरवते, तेव्हा डबीतून मीठ सांडावे तसा पराग बाहेर पडतो. पोळ्यातल्या मधमाशीला ही विद्या अवगत नाही.

आम्ही आमच्या अंगणात फरशी घातली, तेव्हा स्वच्छता झाली म्हणून समाधान मानले. किती बिळे बुजली, हे काही मोजले नाही. परसातली वांगी मात्र तशीच लावीत राहिलो!

पोळे डोळ्यांना दिसते, म्हणून कोणी तरी ते जपतो. बीळ दिसत नाही, म्हणून ते फावड्याखाली जाते. तेव्हा बांधाचा उघडा उतार, पडक्या भिंतीचा एखादा तुकडा, परसातली हातभर जमीन, एवढे तरी न खणता, न लिंपता राहू द्यावे, इतकीच आमची विनंती आहे.