काळविटांच्या माळावर फोनमधला नकाशा

नामपूरहून मालेगाव, मनमाड, येवला करत ममदापूरची काळविटं पाहायला निघालेल्यांनी एक काम घरीच उरकावं. गूगल मॅप्समध्ये आपल्या खात्याच्या चित्रावर बोट ठेवलं की ‘ऑफलाइन नकाशे’ दिसतात. तिथं येवल्याच्या आसपासचा चौकोन निवडून तो उतरवून घ्यावा.

माळावर रेंज गेली तरी निळा ठिपका सरकत राहतो. कारण फोन आपली जागा थेट उपग्रहांच्या संकेतांवरून काढतो. त्याला इंटरनेट लागत नाही. लागतो तो नकाशा, आणि तो आधीच खिशात असतो. रेंज शोधण्यात बॅटरी भराभर उतरते, म्हणून फोन विमान मोडवर ठेवलेला बरा.

मात्र नकाशातली प्रत्येक पायवाट गाडीसाठी नसते. तिथं वनरक्षकाचं ऐकावं.

आणखी एक, फार महत्त्वाचं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं ‘लोकेशन’ बंद करा. नाहीतर फोटोतच अक्षांश-रेखांश नोंदले जातात आणि कळप नेमका कुठं चरतो, हे शिकाऱ्यालाही कळू शकतं. ताडोबात तर 2018 पासून सफारीत मोबाईल नेण्यासच बंदी आहे. वाघ दिसल्याची खबर फोनवरून पसरायची आणि जिप्सींची गर्दी व्हायची, हे त्यामागचं एक कारण.