निवड आणि निवडणारा
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)



शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले म्हणजे मुलांच्या चित्रांचे व हस्तव्यवसायाचे प्रदर्शन मांडण्याची घाई सुरू होते. भिंत लहान आणि चित्रे पुष्कळ; तेव्हा काही लावावयाची व काही बाजूस ठेवावयाची, हे ओघानेच आले. जी चित्रे बाजूस पडतात, त्यांचे धनी त्या दिवशी भिंतीपुढे उभे राहून आपले चित्र शोधीत असतात. निवड करणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, हे ती शोधणारी नजर पाहिली म्हणजे कळते.

या दृष्टीने परीक्षकांकरवी निवडलेल्या छायाचित्रांच्या प्रदर्शनाची पद्धत विचारात घेण्यासारखी आहे. अशा प्रदर्शनासाठी आवाहन निघते. प्रत्येकाने किती छायाचित्रे पाठवावीत, हे ठरवून दिलेले असते. पुष्कळ ठिकाणी परीक्षकांपुढे छायाचित्र येते ते केवळ क्रमांकानिशी. नाव झाकलेले असते. प्रकाशाचा उपयोग, चौकटीतील मांडणी, क्षणाची निवड आणि विषयाविषयीची आस्था यांचा विचार करून परीक्षक आपले मत नोंदवितात. नाव झाकण्यामागील हेतू उघड आहे. कृती पाहावी, कर्त्याचे कुळ पाहू नये, हाच तो हेतू होय. परंतु जो दारापर्यंत पोहोचलाच नाही, त्याची कृती झाकल्या नावानेही परीक्षकांपुढे येत नाही. म्हणून निवडीच्या न्यायाआधी प्रवेशाचा न्याय हवा.

हा प्रवेशाचा न्याय लोकांनी आपल्या बळावर कसा मिळविला, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील शिकागो शहरात आढळते. त्या शहराच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांची दाट वस्ती होती. त्यांच्या कलावंतांना कृती मांडावयास जागा मिळणे दुरापास्त होते. सरकारी कलायोजनेतून शिक्षकांचे वेतन व डागडुजीचा खर्च मिळणार होता. इमारतीचे पैसे मात्र वस्तीने उभे करावयाचे होते. तेव्हा रस्त्याच्या कोपऱ्यावर डबे घेऊन तरुण मंडळी उभी राहिली आणि दहा दहा सेंटांची नाणी गोळा करू लागली. मार्गारेट बरोज ही तरुण चित्रकर्ती त्यांत होती. अशा वर्गणीतून मिशिगन मार्गावरील एक जुने घर घेण्यात आले आणि १९४० च्या अखेरीस तेथे साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर हे कलाकेंद्र सुरू झाले. ७ मे १९४१ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांच्या हस्ते त्याचे रीतसर उद्घाटन झाले. लोकवर्गणीतून शाळाखोली उभी राहिलेल्या गावांना ही हकीकत परकी वाटणार नाही.

या केंद्राच्या आश्रयास गॉर्डन पार्क्स नावाचा तरुण आला. १९१२ साली कॅन्सास राज्यातील फोर्ट स्कॉट या गावी, पंधरा भावंडांत धाकटा म्हणून तो जन्मला. तेथे कृष्णवर्णीय मुलांची प्राथमिक शाळा निराळी होती. पुढील शाळेत एका शिक्षिकेने या मुलांना सांगितले की, महाविद्यालयात जाऊन घरच्यांचे पैसे व्यर्थ दवडू नका; शेवटी तुमच्या वाट्याला हमाली आणि मोलकरणीचेच काम येणार. कदाचित ते कटू वास्तव म्हणूनच सांगितले गेले असेल. पण मुलाच्या मनावर तो निकाल कोरला गेला. किशोरवयात आई वारली, शाळा अर्ध्यावर सुटली, थंडीत निवाऱ्यावाचून दिवस काढावे लागले. पुढे आगगाडीत वाढप्याचे काम करीत असता कोणा प्रवाशाने टाकून दिलेल्या मासिकात स्थलांतरित मजुरांची छायाचित्रे त्याच्या पाहण्यात आली. त्याने गहाणवटीच्या दुकानातून एक जुना कॅमेरा विकत घेतला. त्याची पहिली छायाचित्रे पाहून मिनिॲपोलिस येथील छायाचित्र-साहित्याच्या दुकानदाराने उत्तेजन दिले आणि पुढे ती दुकानाच्या खिडकीत मांडली. पार्क्सच्या आयुष्यातील हे पहिले प्रदर्शन होय!

शिकागोच्या कलाकेंद्रात त्याला तळघरातील अंधारखोली वापरावयास मिळाली. भोवतालच्या दरिद्री वस्तीची छायाचित्रे त्याने घेतली आणि त्यांचे प्रदर्शनही तेथेच भरले. याच कामाच्या बळावर १९४२ साली त्याला रोझेनवाल्ड निधीची शिष्यवृत्ती मिळाली. छायाचित्रकाराला ती मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. याच निधीच्या साहाय्याने आणि गावकऱ्यांच्या पैशाने व श्रमाने दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या होत्या, हेही येथे नमूद केले पाहिजे.

शिष्यवृत्तीमुळे पार्क्स वॉशिंग्टनला गेला. तेथे सरकारी कचेरी झाडणारी एला वॉटसन त्याला भेटली. राष्ट्रध्वजासमोर केरसुणी घेऊन उभी असलेली तिची छबी त्याने टिपली. पुढे ती ‘अमेरिकन गॉथिक’ या नावाने जगभर पोहोचली. ग्रँट वुड यांच्या ज्या चित्रावरून हे नाव आले, तेही १९३० साली शिकागोच्याच एका वार्षिक प्रदर्शनात पारितोषिक मिळवून पुढे आले होते. ज्यांच्या वाट्याला मोलकरणीचे काम येणार म्हणून शिक्षिकेने हात झटकले, त्यांच्यातीलच एकीचे मोल त्या मुलाने साऱ्या देशाला दाखवून दिले.

१९५० साली ‘लाइफ’ या साप्ताहिकासाठी पार्क्स आपल्या गावी परतले आणि जुन्या शाळेतील अकरा वर्गबंधूंचा त्यांनी शोध घेतला. बहुतेक जण गाव सोडून पोटामागे दूरदूरच्या शहरांत गेले होते. ती चित्रमाला त्या साप्ताहिकाने छापली नाही. मात्र २०१५ साली बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात तीच छायाचित्रे सन्मानाने मांडली गेली. तोपर्यंत पार्क्स हयात नव्हते. २००६ साली त्यांचे निधन झाले होते. त्यांना चाळीसहून अधिक सन्माननीय पदव्या मिळाल्या होत्या, आणि त्यांतील एक त्यांनी त्या शिक्षिकेलाच अर्पण केली.

यातून शिक्षकाने काय घ्यावे? परीक्षकाचा निकाल अखेरचा नसतो. पण बालवयात तो अखेरचा वाटतो. म्हणून शाळेच्या प्रदर्शनात चित्रांवरील नावे झाकून निवड करावी. एकट्याच्या आवडीवर न विसंबता दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकाचे मत घ्यावे. जे चित्र लागले नाही, त्यातील एक तरी गुण त्या मुलास सांगावा. आणि वर्षातून एकदा तरी प्रत्येक मुलाची एक कृती भिंतीवर यावी, अशी तजवीज ठेवावी. निवड करणे हे शिक्षकाचे काम आहेच. परंतु त्याआधी दार उघडे ठेवणे हेही त्याचेच काम आहे. दुकानाची एक खिडकी व तळघरातील एक अंधारखोली एका वाढप्याला एवढे देऊ शकली. मग शाळेची भिंत एखाद्या बालकाला काय देणार नाही?