श्रमदान म्हणजे वेठ नव्हे

(विहाराच्या वर्धापनदिनी शिरूर व दौंड तालुक्यांतील विहार समित्या, महिला मंडळे व तरुण मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



महाकारुणिक तथागत आणि परमपूज्य बाबासाहेबांना वंदन करून विषयाला हात घालतो. संस्थेत श्रमदानाचा दिवस ठेवायचा तर तयारी कशी करावी, असा विषय मला दिलाय. कुणी म्हणेल, यात भाषण काय करायचं? 'रविवारी सकाळी सातला या' असं फळ्यावर लिहिलं की झालं! पण नेमकं तिथंच घोडं पेंड खातं. पन्नास माणसं येतात आणि फावडी असतात तीन. खोलीची किल्ली ज्याच्याकडं, तो लग्नाला गेलेला. माती कुठं टाकायची हे कुणालाच ठाऊक नाही. मग पाहुण्यांची वाट, हार, फोटो, चहा. तोवर ऊन चढतं आणि माणसं घरी जातात. पुढच्या खेपेला निम्मीसुद्धा येत नाहीत. मग आपण म्हणतो, 'समाजात पूर्वीसारखी तळमळ राहिली नाही.' तळमळ होती, बंधूंनो. पन्नासजण आले होते ना! तयारी नव्हती.

आपल्या वाडवडिलांना वेठ ठाऊक होती. वतनाच्या नावाखाली हाक आली की जायचं. काम कसलं, किती वेळ, कशासाठी, हे विचारायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं. ही वतनं बंद करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. ज्या समाजानं वेठीविरुद्ध एवढी झुंज दिली, त्याच्या संस्थेनं माणसाला बोलावून ताटकळत ठेवावं, हे शोभतं का? श्रमदान आणि वेठ यांत घाम सारखाच गळतो. फरक एवढाच, की श्रमदान करणारा आपल्या खुशीनं येतो, काम कशासाठी आहे हे त्याला माहीत असतं आणि त्याचा मान राखला जातो. हा फरक जपणं यजमान संस्थेच्या हाती आहे.

तयारी म्हणजे काय, हे महाड शिकवतं. मार्च १९२७ च्या परिषदेला पिण्यासाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रह परिषद भरली, तेव्हा मंडपाला जागा मिळेना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. गावातले व्यापारी माल देईनात, म्हणून धान्य बाहेरून आणलं. हजारो माणसं जेवली, राहिली, ती कुणीतरी आधी राबलं म्हणून. इतिहासात भाषणं राहतात, पण त्या भाषणांखाली पाण्याचा आणि धान्याचा हिशेब असतो.

विनयपिटकात दब्ब मल्लपुत्त यांची कथा आहे. राजगृहाच्या वेळुवनात निवास आणि भोजन नेमून देण्याचं काम संघानं त्यांच्यावर सोपवलं होतं. सूत्रांचं पठण करणारे एकत्र, विनयाची चर्चा करणारे एकत्र, ध्यान करणारे एकत्र, अशी ते व्यवस्था लावीत. एकाचा दुसऱ्याला अडथळा होऊ नये हा हेतू. अर्हंताला हे काम हलकं वाटलं नाही. मग आपल्या सेक्रेटरीला यादी करायला कमीपणा का वाटावा?

आता व्यवहाराचं बोलू.

पहिलं, काम ठरवा. 'विहार परिसर स्वच्छता' हे काम नव्हे, ते बॅनरवरचं वाक्य झालं. 'पूर्वेची भिंत चुन्यानं रंगवणं', 'वाचनालयाच्या पुस्तकांना नंबर घालणं', 'वीस खड्डे खणणं' हे काम. कागदावर लिहा : काम, माणसं, अवजारं, वेळ, जबाबदार माणूस. दहा-बारा माणसांमागं एक प्रमुख ठेवा. त्यानं आदल्या दिवशी जागा पाहून यावं आणि कुदळी, फावडी, घमेली, खराटे मोजून ठेवावेत. एक खणणारा, एक भरणारा, दोघं वाहणारे, अशी जोडणी केली तर कुणी उभं राहत नाही. म्हाताऱ्या माणसांना आणि लहानांना बसून करायची कामं ठेवा. लहानांना काचा, गटार, चुना यांच्या जवळपास जाऊ देऊ नका. सार्वजनिक जागा असेल तर ग्रामपंचायतीची किंवा नगरपरिषदेची परवानगी आधी घ्या.

दुसरं, दिवस माणसं बघून ठरवा. आपली मुलं रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत आहेत. सगळ्या कारखान्यांच्या सुट्टीचा वार एक नसतो. दौंडला रेल्वेत असलेल्यांची ड्युटी पाळीची. आठवड्यातली एकुलती एक सुट्टी तो माणूस आपल्याला देतोय, हे ध्यानात ठेवा. आपला भाग कमी पावसाचा, उन्हाळा कडक. तेव्हा सात ते अकरा, बस्स. झाडं लावायची तर जून-जुलैत पाऊस पडल्यावर. आणि पाणी कोण घालणार हे ठरल्याशिवाय एकही रोप आणू नका.

तिसरं, माणसाची काळजी. माणशी तीन-चार लिटर पाणी धरा, सावली करा. बायकांसाठी संडासाची सोय आधी बघा. ती नसेल तर त्या दिवसभर पाणी पीत नाहीत आणि बोलतही नाहीत. प्रथमोपचाराची पेटी भरलेली हवी. चक्कर आली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्या, चमचा चहाचा. दगड-विटांचा ढीग हातानं उचकू नका, खाली घोणस असू शकते. साप चावलाच तर मांत्रिकाकडं नको. माणसाला हलू न देता थेट दवाखान्यात न्या. १०८ नंबर भिंतीवर लिहून ठेवा. सर्पदंशाची लस कोणत्या दवाखान्यात आहे, याची चौकशी आदल्या दिवशीच करा.

चौथं थोडं कडू आहे, पण बोललंच पाहिजे. कामाची वाटणी करताना जुना मनू पाठच्या दारानं आत येतो. स्वयंपाक बायकांकडं आणि माईक पुरुषांकडं. गटार गरिबाच्या पोराकडं आणि सत्कार पैसेवाल्याचा. हे आपल्या विहारात चालणार नाही. गटाराच्या कामाला पहिला हात अध्यक्षांचा लागावा, तोही हातमोजे आणि गमबूट घालून. भाकरी थापायला पुरुषांनी बसावं. वाकड्या होतील, होऊ द्या!

आणि शेवटचं, काम संपल्यावर. अवजारं मोजून परत ठेवा. आलेल्यांची नावं वहीत घ्या. खर्चाचा हिशेब दुसऱ्याच आठवड्यात फळ्यावर लावा. महिन्यानं त्यांना निरोप धाडा, 'तुम्ही लावलेल्या वीस झाडांपैकी सतरा जगली.' तीन मेली तर तेही सांगा. आपल्या घामाचं काय झालं हे ज्याला कळतं, तो न बोलावता पुन्हा येतो.

दर एक जानेवारीला आपण पेरण्याच्या विजयस्तंभाला जातो. पलीकडचं कोरेगाव भीमा आपल्या शिरूर तालुक्यातलं. बाबासाहेब तिथं १९२७ साली याच दिवशी आले होते. त्या गर्दीत पाणी देणारी, वाट दाखवणारी, हरवलेल्या पोराला आईकडं पोचवणारी तरुण मुलं दिसतात. आपण कुठं उभं राहायचं हे ज्याला आधी सांगितलेलं असतं, तो लाखांच्या गर्दीतही गोंधळत नाही. एवढं शहाणपण आपल्या गल्लीतल्या विहारात आणायला पैसा लागत नाही. एक वही, एक पेन आणि आदल्या आठवड्याच्या दोन संध्याकाळी लागतात.

तेव्हा पुढच्या बैठकीत तारीख नंतर ठरवा, आधी कामाची यादी वाचा. यादी नसेल तर लोकांना बोलावू नका. 

जयभीम!