केबल काढली आणि आयकॉन विखुरले

ऑफिसात लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडायचा आणि निघताना केबल काढायची, हा अनेकांचा रोजचा परिपाठ. केबल निघाली, की डेस्कटॉपवर हौसेने मांडलेले आयकॉन भलतीकडेच जाऊन बसतात. फाइल हरवलेली नसते, तिची फक्त जागा हललेली असते.

विंडोज हे आयकॉन अदृश्य चौकटींच्या जाळीत बसवते. मॉनिटर 1920 बाय 1080 चा आणि लॅपटॉपचा पडदा 1366 बाय 768 चा असेल, तर तेवढ्या चौकटी लहान पडद्यावर मावतच नाहीत. रिझोल्यूशन सारखे असले, पण स्केल एकीकडे 100 आणि दुसरीकडे 150 टक्के असला, तरी तेच.

सर्वांत भरवशाचा उपाय फुकटचा आहे. मॉनिटर जोडलेला असताना सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले असे जा. लॅपटॉपचा पडदा निवडून 'मेक धिस माय मेन डिस्प्ले'वर खूण करा. सगळे आयकॉन लॅपटॉपवरच ठेवा. मॉनिटर कामाला मोकळा. विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडा. 'डुप्लिकेट'मध्ये रिझोल्यूशन बदलू शकते आणि मग पुन्हा पसारा.

विंडोज 11 मध्ये जागा लक्षात ठेवण्याची सोय आहे खरी, पण ती उघड्या खिडक्यांसाठी, आयकॉनसाठी नाही. मॉनिटरवरच मांडणी हवी असेल, तर डेस्कटॉपओके हे मोफत सॉफ्टवेअर ती जतन करून एका क्लिकवर परत आणते. मात्र आधी डेस्कटॉपवर राइट क्लिक करून, व्ह्यूमधल्या 'ऑटो अरेंज आयकॉन्स'वरची खूण तेवढी काढून टाका.