प्रवरेच्या उगमाकडे

फ्रान्सच्या पूर्व सीमेवर आल्सास नावाचा प्रांत आहे. व्होज पर्वताच्या उतरणीवर तेथे द्राक्षांचे मळे पसरलेले आहेत आणि त्या मळ्यांच्या कुशीत जुनी, तटबंदीची, दगडी वेशींची गावे वसलेली आहेत. 1953 साली या गावांना जोडणारा सुमारे 170 किलोमीटरांचा एक द्राक्षमार्ग मुक्रर करण्यात आला. त्या मार्गाने सायकलवरून हिंडावे, एका गावी फराळ करावा, दुसऱ्या गावी मुक्काम करावा, यासाठी देशोदेशींचे लोक तेथे जातात. हे वर्णन ऐकून कोणाच्या मनात येईल, की असले सुख आपल्या वाट्यास कोठून यावयाचे? परंतु त्याहून थोडा लांब आणि इतिहासाने त्याहून पुष्कळ जुना असा मार्ग आपल्याच जिल्ह्यात पडलेला आहे. 2024 पासून अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यातील प्रवरा नदीचा काठ हाच तो मार्ग होय.

नदी रतनगडावर उगम पावते व सुमारे दोनशे किलोमीटर वाहून टोक्यास गोदावरीला मिळते. सायकलस्वाराने मात्र उलट्या दिशेने, संगमाकडून उगमाकडे जावे. तसे जाताना चढ लागतो हे खरे; परंतु चढ लागल्यावाचून नदी उमगत नाही.

चढाचे नाव काढताच सायकलचा विचार मनात येतो. दूधवाल्याची काळी, दणकट सायकल पुष्कळांना ठाऊक आहे. तिच्या पुढच्या चक्राला 44 दाते व मागच्याला 18 दाते असले, तर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरांच्या आसपास पुढे जाते. सपाटीवर हे ठीक. पण घाटात इतके अंतर एका फेऱ्यात काटण्याचे बळ पायांत राहत नाही. पुढे व मागे सारख्याच दात्यांची चक्रे लावली, तर तोच फेरा सव्वादोन मीटरांच्या आतबाहेर अंतर देतो. गती कमी होते, परंतु चढ आटोक्यात येतो. गिअरचे सारे रहस्य एवढेच आहे. फ्रान्समध्ये सेंत एत्येन गावचे पॉल द विवी (1853–1930) यांनी ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने याच गोष्टीचा जन्मभर पुरस्कार केला. त्या काळच्या शर्यतवाल्यांना गिअर हे दुबळ्यांचे साधन वाटे. फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतीत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्ररचना 1937 पर्यंत सर्वांना मोकळी नव्हती. भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे आणि केवळ मोठेपणासाठी पाय मारू नयेत, असा वेलोसिओंचा उपदेश असे. आपल्याकडील उन्हात तर तो दुप्पट लागू पडतो.

प्रवासास दिवाळीनंतरचा काळ उत्तम. टोक्याच्या पेशवेकालीन सिद्धेश्वर मंदिरातून निघाल्यावर थोड्याच वेळात नेवासे लागते. येथेच ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 साली, गीतेवरील टीका सांगितली, असे परंपरा मानते, तो ‘पैस’ खांब आहे. येथेच मोहिनीराजाचे मंदिर आहे. समुद्रमंथनातून निघालेले अमृत मोहिनीने देवदैत्यांच्या पंक्ती बसवून येथेच वाटले, अशी कथा सांगतात. प्रवरेला ‘अमृतवाहिनी’ म्हणतात ते उगीच नव्हे. ही पंक्तीची कथा प्रवाशाने ध्यानात ठेवावी. उगमापाशी तिची आठवण होणार आहे.

पुढे श्रीरामपूर तालुक्यात नदीच्या डाव्या तीरावर दायमाबाद नावाचे ओसाड स्थळ आहे. 1974 साली तेथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला एक रथ. रथावर एक पुरुष उभा आहे आणि रथाला भरीव चाके आहेत. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी काही सहस्र वर्षांपूर्वी याच काठावर चाक फिरत होते याविषयी शंका उरत नाही. सायकलस्वाराने आपल्या चाकाकडे पाहून त्या जुन्या सारथ्याला मनोमन नमस्कार करावा आणि पुढे निघावे.

येथून पुढे दोन्ही बाजूंस ऊसच ऊस. आल्सासला जसे द्राक्ष, तसा या सपाटीला ऊस. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर ओढीत जातात व त्यांच्या मागे दिवा असेलच असा नेम नसतो. म्हणून सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावा. हमरस्ता सोडून कालव्याच्या कडेची वाट धरावी, म्हणजे सावलीही मिळते. लोणीजवळ प्रवरानगर आहे. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना येथे उभा राहिला आणि 1950 साली त्याच्या गाळपास आरंभ झाला. एके काळी दुष्काळासाठी प्रसिद्ध असलेल्या मुलखात हे घडले, याचे कारण कालवा. तो कालवा जेथून फुटतो, तो ओझरचा बंधारा आणखी पश्चिमेस आहे. मग जोर्वे लागते. 1950–51 साली येथे उत्खनन झाले आणि ताम्रपाषाणयुगातील एका संस्कृतीला या लहानशा गावाचेच नाव मिळाले.

संगमनेर मागे पडले, की डोंगर जवळ येऊ लागतात. अकोल्यास अगस्ती ऋषींचा आश्रम व कोरीव कामाचे सिद्धेश्वर मंदिर पाहावे. याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणे जतन केले, म्हणून त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. आता ऊस विरळ होतो व भातखाचरे दिसू लागतात. राजूरकडे जाताना विठा घाट लागतो. येथे गिअर उतरवावा, कुरकुर न करता सावकाश पाय मारावेत आणि दमल्यास उतरून सायकल हातात धरून चालावे. त्यात कमीपणा काही नाही. राजूरच्या पुढचा मुलूख राघोजी भांगरे यांचा. इंग्रज सत्तेविरुद्ध उठलेल्या या महादेव कोळी वीराला 1848 साली ठाण्यास फाशी देण्यात आले.

शेवटी भंडारदरा येतो. 1910 साली आरंभ होऊन 1926 साली पूर्ण झालेले हे दगडी धरण सुमारे 82 मीटर उंच आहे. खाली पाहिलेला ऊस, कारखान्याचे धुराडे, बाजारपेठा, शाळा या सर्वांचे मूळ या भिंतीमागे साठलेल्या पाण्यात आहे. ज्याने ही वाट मोटारीने काटली त्याला हे पुस्तकातून कळेल. ज्याने पायांनी काटली त्याला कोणी सांगावे लागत नाही. पाणी जितके खाली उतरले, तितकाच तो वर चढून आलेला असतो.

धरणाच्या कडेकडेने रतनवाडीस जावे. तेथे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर आहे, शेजारी पुष्करिणी आहे आणि मागे रतनगड उभा आहे. उत्तरेस 1646 मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच. देखावा असा, की प्रवासाचा शीण नाहीसा व्हावा. एखाद्या घरापाशी थांबले, तर घरातली आजी ओट्यावर बसवते आणि “कुठून आलास रं बाबा, एवढं सायकल मारीत?” असे विचारते. मागितल्यावाचून पाण्याचा तांब्या पुढे येतो.

त्या तांब्याचा विचार मात्र करावा. या डोंगरात पाऊस धो धो पडतो, परंतु चैत्र-वैशाखात येथल्याच कित्येक वाड्यांतील बायांना डोक्यावर हंडा घेऊन झरा शोधीत दूर जावे लागते. ज्यांच्या पूर्वजांची जमीन धरणाच्या पाण्यात गेली, त्यांच्याच उंबऱ्याशी ते पाणी दिसते व हाती येत नाही. धरण बांधू नये असे कोणी म्हणणार नाही. त्या पाण्याने खालच्या लाखो लोकांचा दुष्काळ हटविला आहे. खाली निळवंड्याचेही धरण झाले आणि कित्येक दशकांच्या प्रतीक्षेनंतर 2023 साली त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण होऊन आणखी कोरड्या गावांची आशा पालवली. ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु खालच्या पंक्तीला वाढणाऱ्याने वरच्या पंक्तीची पाने रिकामी ठेवू नयेत. आपल्याकडे याला पंक्तिप्रपंच म्हणतात आणि गरिबाघरच्या लग्नातही तो निंद्य मानतात.

नेवाशास मोहिनीने अमृत वाटले. ती वाटणी देवांची होती. प्रवरेची वाटणी माणसांच्या हाती आहे. खालच्या गावच्या शाळेतील मुलांनी एकदा तरी सायकलीवर बसून, चार दिवस घाम गाळून, आपल्या घागरीतले पाणी कोठून येते ते पाहून यावे. ज्या आजीने त्यांना तांब्याभर पाणी दिले, तिच्या अंगणापर्यंत नळ गेला की नाही, ही चौकशी ती मुले मोठेपणी केल्यावाचून राहणार नाहीत.