हादग्याचा पाला आणि दुधाची शेळी
(रेडिओवरील भाषण)



चेन्नईत अण्णा नगरला लागूनच कोयंबेडूचा मोठा भाजीबाजार आहे. त्या शहरात कीरै, म्हणजे पालेभाजी, विकणाऱ्यांकडे अगत्तीच्या हिरव्यागार जुड्या मिळतात. अमावास्येला लोक त्या विकत घेऊन गाईला चारतात. अगत्ती म्हणजे आपला हादगा. आपण त्याच्या फुलांची भाजी करतो आणि पाल्याकडे ढुंकूनही पाहत नाही. गाईच्या वाट्याचं हे पुण्य थोडं शेळीकडे वळवा, एवढं सांगायला मी आज आलो आहे.

रानात चरणारी उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळी बोर, बाभूळ, शेवरी असं शेंड्याशेंड्याने खुडत फिरते. हिरव्या पानात कॅरोटीन असतं आणि त्यापासून तिचं शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. ई जीवनसत्त्वही त्याच पानातून येतं. तीच शेळी गोठ्यात बांधली आणि पुढ्यात वर्षभराचा कडबा टाकला, की पोट भरतं, पण ही दोन्ही जीवनसत्त्वं कमी पडतात. चारा उन्हात वाळताना आणि गंजीत पडून राहताना ती बरीचशी उडून गेलेली असतात.

गाईच्या बाबतीत निदान रंगावरून अंदाज येतो. पावसाळ्यात तिचं तूप पिवळंधमक असतं, उन्हाळ्यात फिकं पडतं. शेळी मात्र जवळजवळ सगळ्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं दूध बारा महिने पांढरंच. दुधाकडे पाहून कमतरता कळायची नाही. संध्याकाळी शेळी दाराच्या चौकटीला अडखळू लागली, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, केस राठ झाले, की समजा यकृतातला साठा संपत आला. हा साठा दोन-तीन महिने पुरतो. आपला उन्हाळा त्याहून लांबतो, हीच खरी अडचण.

गाभण शेळीकडे तर दुप्पट लक्ष हवं. अ जीवनसत्त्व गर्भाकडे फारसं जात नाही, ते करडाला मिळतं चिकातून. आईच कोरड्या चाऱ्यावर असेल, तर चीक तरी कसदार कुठून येणार? ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम कमी पडलं, तर करडाचे पाय ताठरतात, ते उभं राहून पिऊही शकत नाही.

ब गटाची गोष्ट वेगळी. ती जीवनसत्त्वं शेळीच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव बनवतात. ब-12 साठी त्यांना कोबाल्ट लागतं, म्हणून खनिज मिश्रण द्यायचं. पण लग्नातला उरलेला भात, पुऱ्या किंवा मक्याचा भरडा एकदम पाटीभर घातला, तर पोटात आम्ल वाढतं आणि ब-1 नष्ट होऊ लागतं. शेळी मान मागे टाकून आभाळाकडे पाहत राहते, झोकांड्या खाते. तेव्हा घरगुती औषधात वेळ घालवू नका, डॉक्टर बोलवा. ड जीवनसत्त्वासाठी मात्र खर्च शून्य: छपराखालच्या शेळ्या रोज थोडा वेळ उन्हात सोडा.

बंदिस्त पालन वाईट आहे, असं मी म्हणत नाही. चराऊ रानं उरली आहेत कुठे? पण पाला गोठ्यापर्यंत आणायला हवा. मोठ्या शेळीला रोज तीन-चार किलो हिरवं, किलोभर वाळलेलं आणि दूध देत असेल तर थोडा खुराक. बांधावर हादगा, शेवरी, शेवगा लावा. सुबाभूळही चालेल, पण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. त्यातल्या मायमोसिनने केस गळतात. पाल्याच्या पेंढ्या तोंडाच्या उंचीवर टांगा, कारण लेंड्यांत पडलेलं पान शेळी तोंडात घेत नाही. पावसाळ्यात पाला जास्त झाला, तर तो सावलीत वाळवा. हिरवेपणा टिकला, म्हणजे कॅरोटीनही बरंचसं टिकलं.

आणखी एक सांगतो, कारण घरोघरी गैरसमज आहे. चारा कितीही सुधारला, तरी शेळीच्या दुधात फोलेट आणि ब-12 गाईच्या दुधापेक्षा कमीच राहतं. तान्ह्या बाळाला नुसत्या शेळीच्या दुधावर ठेवू नका; त्याला पंडुरोग होऊ शकतो.

जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आजारी शेळीसाठी असतं, तेही डॉक्टरच्या सल्ल्याने. बाकीच्या कळपासाठी येत्या मृगाला बांधावर हादग्याचं बी टोका.