वीतभर भोक, हातभर घासणं



संयोजकांनी मला संगणक क्षेत्रातल्या वाटचालीबद्दल बोलायला सांगितलं होतं. पण त्यावर बोलणारे आपल्याच तुकडीत बरेच आहेत. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी आज एका होडीबद्दल बोलणार आहे.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. मालवण-देवगडकडे होड्यांची काय दशा झाली, ते इथल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या काकांची फायबरची होडी खडकावर आपटली आणि तळाला वीतभर भोक पडलं. काका, चुलतभाऊ आणि दोन खलाशी, अशी चार घरं त्या होडीवर चालायची. नवी घेण्याची ऐपत नव्हती आणि फायबरच्या कारागिराकडे रांग लागलेली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे हातात तेवढेच दिवस. मी तेव्हा गावच्या घरून नोकरी करत होते. होडी मांगरात घेतली आणि ठरवलं, घरीच करायचं.

फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आणि तिच्यात मुरवलेलं रेझिन. रेझिन एकदा कडक झालं की कडकच. नवं रेझिन त्याच्याशी एकजीव होत नाही, घासून खरबरीत केलेल्या जागेला ते नुसतं धरून राहतं. त्यामुळे भोकावर ठिगळ चिकटवून भागत नाही, पहिल्या मोठ्या लाटेला ते सुटतं. भोकाच्या कडा लांबवर उतरत्या घासाव्या लागतात. जाडीच्या बारा पट उतार, असा हिशेब. आमचा तळ सहा मिलिमीटर जाड, म्हणजे प्रत्येक बाजूला सात सेंटीमीटरहून थोडं जास्त.

पण घासायचं कुठून? ते काकांनी सांगितलं. लाकडी हातोडीने त्यांनी तळ इंचाइंचाने वाजवला. चांगल्या जागी टणक आवाज, थर सुटलेल्या जागी बद्द, तडा गेलेल्या मडक्यासारखा. मला डोळ्यांनी जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे त्यांनी खडूने रेघ मारली. कापल्यावर आतले थर खरंच सुटलेले निघाले. भोक तीस सेंटीमीटरचं झालं. त्यावर दोन्हीकडचा उतार धरला, तेव्हा काका म्हणाले, “गो बाय, भोक वीतभर, आणि तू हातभर कित्याक घासतंस?” मी वहीतला हिशेब दाखवला. त्यांनी तो ऐकला आणि मास्क लावून स्वतःच ग्राइंडर हातात घेतला.

पुढचं काम चिकाटीचं. गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढलं, पंखा लावून दिवसचे दिवस वाळवलं. रात्री प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून ठेवायचा. सकाळी आतून दव दिसलं तर ओल आहे, अजून थांबायचं. बाहेरून मेण लावलेला सनमायका बसवला, म्हणजे तळाचा आकार तोच राहिला. त्यावर जेलकोट, मग आतून मॅटचे थर, एका वेळी दोन-तीनच, कारण जाड थर तापतो. प्रत्येक थरातली हवा रोलरने काढायची.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर घालायचं. ही दोन थेट एकत्र आली तर स्फोट होऊ शकतो. हार्डनर किलोला साधारण पंधरा ग्रॅम. पावसाळी हवेत रेझिन जमायला लागणारा वेळ रोज बदलतो, म्हणून रोज आधी करवंटीत थोडं कालवून मी घड्याळ लावायचे. आमच्या क्षेत्रात यालाच टेस्टिंग म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो!

होडी बंदी उठायच्या आत तयार झाली. पाण्यात नेण्याआधी काकांनी तीच हातोडी पुन्हा फिरवली. सगळीकडे टणक आवाज आला. नारळीपौर्णिमेला ती पाण्यात होती आणि आजही जाते.

मित्रहो, आपल्यातले काही जण शिकून पुण्या-मुंबईला, परदेशी गेलो. काही जण इथेच राहिले, समुद्रावर, बागेत, दुकानात. अशा संमेलनांत भाषणं बहुधा गेलेल्यांनाच करायला लावतात. त्या मांगरात मात्र माझा हिशेब काकांच्या कानाशिवाय निरुपयोगी होता. घासायचं किती ते मला माहीत होतं, कुठून ते त्यांना.

म्हणून माझी एक सूचना आहे. शाळेला देणगी तर देऊच. त्याबरोबर दर मे महिन्यात आठवी-नववीच्या मुलामुलींसाठी चार दिवसांची कार्यशाळा घेऊया. शिकवायला एक बाहेर गेलेला आणि एक इथे राहिलेला, अशी जोडी. फायबर, पंप, वायरिंग, कलमं, जे ज्याला येतं ते. पहिल्या वर्षी मी येते. जोडीला कोण येणार, ते मात्र आज जेवणाच्या पंगतीतच सांगा.